तरुणांना चर्च कसे दिसते : एका पाळकाचे उत्तर

आपल्या पत्राचा आशय थोडक्यात असा आहे : मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासद-समुदायाच्या, नोंदवहीत अठरा ते तीस वयोगटातील साठेक नावे आहेत, परंतु रविवारच्या उपासनेला त्यांपैकी दहा-बाराच दिसतात, नाताळच्या दिवशी मात्र बाहेर मंडप घालावा लागतो. नव्या पिढीला चर्चविषयी नेमके काय वाटते, ती विश्वासापासून दुरावली आहे का, आणि तिला परत आणण्यासाठी पाळक समितीने ड्रम सेट विकत घ्यावा का, असे तीन प्रश्न आपण समितीचे चिटणीस या नात्याने विचारले आहेत. मी २७ वर्षे पाळक म्हणून काम केले आणि त्यांतील बराच काळ तरुण संघ व दृढीकरणाचे, म्हणजे बाप्तिस्म्याची वचने स्वतःच्या तोंडाने स्वीकारून मंडळीचे पूर्ण सभासद होण्याच्या विधीचे, वर्ग माझ्याकडे होते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आले; त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या आणि पुढे १९७० साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चमध्ये सामील झालेल्या मराठी मंडळ्या हे माझे क्षेत्र. कॅथलिक समाजाविषयी मी जे लिहीन ते शेजाऱ्याच्या नजरेतून लिहीन, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘तरुण पिढी चर्च सोडून चालली आहे’ हे वाक्य आपल्या परिषदांमध्ये आणि शिबिरांमध्ये इतक्या वेळा उच्चारले जाते की ते आपण आपल्या गावात पाहिले की कुठून तरी ऐकले, याचा विचारही आता कोणी करीत नाही. हे वाक्य मुख्यतः अमेरिका आणि युरोपातून आलेले आहे आणि तिथे ते बऱ्याच अंशी खरे आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०२३-२४ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत १८ ते २४ वयाच्या तरुणांपैकी ४६ टक्के स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, तर सर्वांत वयोवृद्ध गटात हेच प्रमाण ८० टक्के आहे. तिथला तरुण ‘माझा कोणताच धर्म नाही’ असे सांगून मोकळा होऊ शकतो. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. एवढ्या लहान समाजात जन्मलेल्या मुलाला ती मोकळीक मिळत नाही. त्याचे नाव, आईचे कुंकवावाचूनचे कपाळ, डिसेंबरात दारावर टांगलेली चांदणी, हे सगळे त्याच्या वतीने आधीच बोलून चुकलेले असते. त्यामुळे आपला तरुण ‘निधर्मी’ होऊन बाहेर पडत नाही. तो नावापुरता आत राहतो आणि मागच्या बाकावरून हळूच दाराकडे सरकतो.

तो विश्वासापासून दुरावला आहे, असे मला बहुतेक वेळा आढळलेले नाही. वर्षभर उपासनेला न आलेला मुलगा वडिलांना अतिदक्षता विभागात ठेवल्यावर रात्री दीड वाजता ‘पाळकसाहेब, प्रार्थना करा’ असा फोन करतो, आणि मुलाखतीला पुण्याला निघालेली मुलगी एकशे एकविसावे स्तोत्र वाचूनच एसटीत बसते. दुरावा असतो तो संस्थेशी. आपल्या मुलांना चर्च देवाचे घर म्हणून भेटण्याच्या आधी एक कार्यालय म्हणून भेटते : दाखले देणारे, वर्गणीची थकबाकी सांगणारे, मतदार यादी लावणारे आणि अधूनमधून न्यायालयात जाणारे कार्यालय. कार्यालयाविषयी माणसाचे जे मत असते, तेच त्यांचे चर्चविषयी असते. काम पडले की जायचे आणि काम झाले की निघायचे. आपला नाताळचा मंडप आणि रविवारचे रिकामे बाक या दोहोंचे कारण मला इथे दिसते.

हे कसे घडते, याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ते माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी दृढीकरणाच्या वर्गात मी बाप्तिस्म्याच्या वेळच्या वचनांविषयी शिकवीत होतो. दहावीत असलेल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “पाळकसाहेब, माझ्या शाळेच्या दाखल्यावर धर्म वेगळा लिहिलाय. मग बिशपसाहेबांसमोर गुडघे टेकून मी जे बोलणार, ते खरं की दाखल्यावरचं खरं?” वर्गात चौदा मुले होती आणि त्यांतील निम्म्यांनी तरी त्या क्षणी खाली पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले, ‘हा विषय आपण नंतर घेऊ’ असे म्हटले, आणि तो विषय नंतर कधीच घेतला नाही.

त्या प्रश्नामागचा कायदा आपल्याला ठाऊक असेलच, तरी समितीतील इतरांसाठी सांगतो. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माव्यतिरिक्त दुसरा धर्म मानणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नव्हता; १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म आचरीत असताना केवळ आरक्षणाच्या लाभासाठी स्वतःला हिंदू म्हणवणे हे राज्यघटनेशी प्रतारणा करण्यासारखे आहे, असे म्हटले. आपल्या गावागावांतील मंडळ्या ज्या समाजातून उभ्या राहिल्या, त्या समाजातील मुलाला या कायद्याचा अर्थ सोळाव्या-सतराव्या वर्षी, प्रवेश अर्जाच्या खिडकीपाशी कळतो. त्याच्या आजोबांनी अस्पृश्यता सोसून, पाणवठ्यापासून शाळेपर्यंत भांडून ख्रिस्त स्वीकारलेला असतो आणि नातवाला मात्र शिष्यवृत्ती व बाप्तिस्म्याचा दाखला यांत निवड करावी लागते. यात चर्चचा दोष नाही, हे त्यालाही समजते. त्याला चर्चचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने : सगळ्यांना ठाऊक असलेल्या या गोष्टीविषयी व्यासपीठावरून कोणीही एक शब्द बोलत नाही, आणि त्याच व्यासपीठावरून दर महिन्याला प्रामाणिकपणावर उपदेश होतो.

ती मुलगी दृढीकरणाला आली नाही, त्यामुळे सभासदांच्या नोंदवहीत तिचे नाव नाही. परंतु तिने पुढे सहा वर्षे लहान मुलांची रविवारची शाळा चालवली. आपण नोंदवहीत असूनही न येणारे मोजले. येत असूनही नोंदवहीत नसलेले किती आहेत, हे एकदा मोजून पाहावे अशी माझी विनंती आहे. मी सेवा केलेल्या प्रत्येक मंडळीत असे तरुण होते, आणि पेटी वाजवण्यापासून खुर्च्या उचलण्यापर्यंतची बरीच कामे तेच करीत होते. त्यांना समितीच्या निवडणुकीत मत नव्हते. काही ठिकाणी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी ते उठून बाहेर चपलांपाशी उभे राहत. ते दृश्य मी वर्षानुवर्षे पाहिले आणि त्यात काही बोचण्यासारखे आहे, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मात्र ते फार पूर्वी लक्षात आले होते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आयुष्याच्या शेवटच्या काळात, १९१७ साली, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करू लागले. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. आपण त्यांची पदे टाळ-मृदंगावर गातो, त्यांच्या पुण्यतिथीला भाषणे करतो. पण त्यांनी शेवटी संस्थेविषयी जे धाडस केले, ते आपल्या तरुणांना कोणी सांगत नाही. मी सांगू लागलो तेव्हा मुले सरसावून बसली, एवढे नमूद करतो.

कार्यालयाचा दुसरा अनुभव लग्नाच्या वेळी येतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या चौकटीत आपण लग्ने लावतो, उपासनेत लग्नाची जाहीर सूचना वाचतो, दोन्ही मंडळ्यांचे दाखले मागतो. यात गैर काही नाही. परंतु चार वर्षे ज्याची कोणी विचारपूस केली नाही, तो मुलगा लग्नाची तारीख घ्यायला आला की त्याच्यासमोर प्रथम थकलेल्या वर्गणीचा हिशेब ठेवला जातो. एका मंडळीत मी स्वतः हे पाहिले आहे : खजिनदारांनी वही उघडली, बोटाने रकाना दाखवला आणि ‘अठ्ठेचाळीस महिने’ एवढाच शब्द उच्चारला. मुलाने तिथल्या तिथे मोबाइलवरून पैसे भरले. पावती घेऊन तो जो गेला, तो लग्नाच्या दिवशीच परत आला. ज्यांचे जोडीदार अन्यधर्मीय आहेत त्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांतील बरेच जण पाळकाकडे येतच नाहीत, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न करतात, आणि ‘तुम्ही नाहीच म्हणणार होता, मग कशाला विचारायचं?’ असे पुढे कधीतरी सांगतात. आपण नाही म्हटले असते का? कदाचित म्हटले असते. परंतु त्यांनी विचारण्याआधीच आपले उत्तर ठरवून टाकले, यावरून चर्च त्यांना कसे दिसते ते कळते.

मातीच्या वेळी मात्र हेच तरुण वेगळे दिसतात. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या भागात दफनासाठी माणसे मिळेनात, तेव्हा जे हात पुढे आले त्यांतील बहुतेक मागच्या बाकावरचे होते. संरक्षक पोशाख घालून, मे महिन्याच्या उन्हात, दोरांनी पेटी खाली सोडणारी ती मुले मी विसरू शकत नाही. त्यांच्यापैकी एकाला मी त्या दिवशी ‘तू उपासनेला का येत नाहीस?’ असे विचारणार होतो, पण त्याच्या हातांना दोराने पडलेले वळ पाहून गप्प बसलो.

त्याच काळातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मार्च २०२० मध्ये प्रार्थनामंदिरे बंद झाली आणि दोन आठवड्यांत आपल्या सगळ्या मंडळ्यांना तरुणांची गरज भासली. फोन कुठे उभा करायचा, आवाज कसा घ्यायचा, यूट्यूबवर वाहिनी कशी काढायची, हे ज्येष्ठांना येत नव्हते. ते अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींनी केले. आमच्याकडे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने घरातील इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत रचून त्यावर फोन ठेवला आणि पहिली उपासना घरोघरी पोहोचवली. पहिल्यांदाच तो मला सांगत होता, ‘पाळकसाहेब, उपदेश अठरा मिनिटांत संपवा, त्यानंतर लोक बंद करतात’. आणि मी ऐकत होतो, कारण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. त्या दीड-दोन वर्षांत चर्च त्यांना आपले वाटले. पुढे दारे उघडली, ज्येष्ठ आपापल्या ठरलेल्या जागी परत बसले, मुलांचे शाल आणि पुष्पगुच्छ देऊन आभार मानण्यात आले, आणि वाहिनीचा पासवर्ड समितीने आपल्याकडे घेतला. माझ्या पाहण्यातल्या मंडळ्यांत अनेक तरुण याच सुमारास दिसेनासे झाले. आपल्या मंडळीत काय घडले ते आपणच आठवून पाहावे.

न्यायालये आणि मिळकती यांविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण हा विषय लांबवला की त्याला अंत राहत नाही. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या कंपाउंडच्या जागा, शाळा, बंगले, वसतिगृहे यांच्या कारभारावरून धर्मादाय आयुक्तांपासून वरच्या न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे चाललेले दावे आपल्या समाजात सर्वत्र आहेत. पूर्वी त्यांची माहिती चार वकिलांना आणि दहा पुढाऱ्यांना असे. आता प्रत्येक अर्जाची प्रत त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरते आणि ती वाचणारा मुलगा सतरा वर्षांचा असतो. दोन गट एकाच प्रार्थनामंदिरात एकमेकांकडे पाठ करून उभे राहिलेले त्याने पाहिलेले असतात. त्याला सिद्धांताविषयी शंका नसते. ‘क्षमा’ हा शब्द उच्चारणाऱ्या माणसांविषयी असते.

आता फेलोशिपचा प्रश्न, ज्याचा उल्लेख आपण पत्रात जरा रागाने केला आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, संभाजीनगर येथे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेली आपली मुले हॉलमध्ये किंवा शाळेच्या सभागृहात भरणाऱ्या स्वतंत्र फेलोशिपना जाऊ लागतात, आणि गावी परत आल्यावर ‘सलाम’ऐवजी ‘प्रेझ द लॉर्ड’ म्हणतात, याचा आपल्याला त्रास होतो. मलाही व्हायचा. एकदा मी अशाच एका ठिकाणी, कोणालाही न सांगता, मागे जाऊन बसलो. संगीत मोठ्याने होते, उपदेश माझ्या मते उथळ होता आणि दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा, आग्रह जरा जास्तच होता. परंतु उपासना संपल्यावर दारात उभ्या असलेल्या मुलीने माझे नाव विचारले, कुठे राहतो ते विचारले, आणि बुधवारी एक गट एका घरी बायबल वाचतो, चहाला या, असे सांगितले. माझ्या स्वतःच्या मंडळीत नव्या माणसाला पहिल्या रविवारी असे कोणी विचारलेले मला आठवेना. आपली मुले ड्रमसाठी तिथे जातात, हा समज निम्माच खरा आहे; खोलीवर एकट्या राहणाऱ्या मुलाला बुधवारचा चहा जास्त ओढतो. हेही सांगितले पाहिजे की त्यांतील कित्येकांना काही वर्षांनी तिथेही अडचणी दिसू लागतात : हिशेब एकाच माणसाच्या हाती, प्रश्न विचारला की विश्वास कमी पडल्याचा ठपका, आणि लग्न किंवा दफनाची वेळ आली की पुन्हा जुन्या मंडळीच्या दाखल्याची गरज. त्या वेळी ती परत येतात, तेव्हा आपण ‘आला का शेवटी!’ असे न म्हणता त्यांना बसायला जागा द्यावी.

भाषेच्या बाबतीत चित्र अपेक्षेपेक्षा निराळे आहे. इंग्रजी माध्यमातील मुलांना ‘उपासना संगीत’ हे आपले गीतपुस्तक सहज वाचता येत नाही; काहींना देवनागरी लावून लावून वाचावी लागते आणि जुन्या गीतांतील ‘त्वत्पद’ किंवा ‘कृपासागरा’ यांसारखे शब्द अडतात. यावरून आपण असा निष्कर्ष काढतो की त्यांना मराठी उपासना नको आहे. प्रत्यक्षात एका शिबिरात मी टिळकांचे एक पद एका ओळीला पाच मिनिटे देत अर्थासह समजावले, आणि त्याच रात्री मुलांनी ते गिटारवर, चाल तीच ठेवून पण लय वाढवून बसवले. पुढच्या रविवारी त्यांच्या आज्या रडल्या. मुलांचा आक्षेप जुन्या गीताला नव्हता. अर्थ न कळता तेच गीत वर्षानुवर्षे ओढत गाण्याला होता, आणि खरे सांगायचे तर तो आक्षेप माझाही आहे.

मुलींविषयी वेगळा परिच्छेद लिहितो, कारण त्यांची तक्रार मुलांच्या तक्रारीहून अधिक मुद्देसूद असते. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये १९०५ साली विश्वासाचे जे पुनरुज्जीवन झाले, ते मुलींच्या आणि तरुण स्त्रियांच्या प्रार्थनागटांतून झाले. रमाबाईंनी स्वतः मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो आणि मग वाचनाला, उपदेशाला, दानाच्या पिशव्या फिरवायला मुलगे उभे करतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, दक्षिणेतील चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ साली एक स्त्री बिशपही झाली. पण तालुक्याच्या मंडळीत स्त्री पाळक पाठवली की समितीचे पहिले पत्र बदलीच्या विनंतीचे असते. नोकरीच्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार समिती असते हे जाणणारी मुलगी ‘आपल्या चर्चमध्ये अशी तक्रार कुणाकडे करायची?’ असे विचारते, तेव्हा ‘आपल्यात असं काही होत नाही’ हे उत्तर तिला पटत नाही, आणि पटू नयेच.

वसईकडे पाहिले की आपल्याला हेवा वाटतो. तिथल्या कॅथलिक गावांत चर्च गावाच्या मधोमध असते, धर्मशिक्षणाचे वर्ग शाळेच्या इयत्तांप्रमाणे चालतात, आणि सामवेदी किंवा वाडवळ बोली घरात बोलणारी मुले मराठी मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, येतात. त्या भागातील तरुणांच्या बोलण्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव अजूनही येते, याचे कारण केवळ ते धर्मगुरू होते हे नाही. हरित वसईच्या चळवळीत ते जमिनीसाठी आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चर्च आपल्या गावाच्या विहिरीसाठी बोलते, हे ज्याने लहानपणी पाहिले त्याचे चर्चविषयीचे मत आपल्या मुलांपेक्षा वेगळे असणारच. तरीही तिथले मित्र सांगतात की परदेशी गेलेल्या आणि गाव सोडून इमारतींत राहायला आलेल्या मुलांचा प्रश्न त्यांच्यापुढेही आहे. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये रोममध्ये बिशपांची परिषद खास तरुणांच्या विषयावर घेतली आणि तीत तरुणांनाही बोलावले, ही गोष्ट मला आपल्यासाठी घेण्यासारखी वाटते. आपल्या डायसिसमध्ये, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्रात, तरुणांविषयीच्या बैठका होतात, पण त्यांत सर्वांत तरुण माणूस बऱ्याचदा पंचेचाळिशीचा असतो.

ख्रिस्ती नसलेल्या तरुणांना चर्च कसे दिसते, हेही आपण ओघात विचारले आहे. त्यांच्यासाठी चर्च म्हणजे बहुधा शिस्तीची शाळा, मिरजेसारखे जुने मिशन हॉस्पिटल, २५ डिसेंबरचे छायाचित्र आणि अलीकडे धर्मांतराच्या बातम्या. या शेवटच्या गोष्टीमुळे आपली मुले महाविद्यालयात आपले ख्रिस्ती असणे पहिल्या वर्षी सहसा सांगत नाहीत. त्यांना यावर बोलण्यासाठी जागा हवी असते आणि तशी जागा आपण अद्याप दिलेली नाही.

आता काय करावे? मी एकच गोष्ट खात्रीने सांगू शकतो, कारण ती मी करून पाहिली आहे. आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला सभासद भोपळे, ज्वारीची कणसे, कोंबड्या, अंडी, घरचे लोणचे असे काय काय आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. दोन प्रतिष्ठित घरांत चुरस लागली की एक लिंबू कोंबडीच्या भावाला जाते, लोक हसतात, टाळ्या पडतात. मुलांना ही गंमत आवडते. पण पैशाचे पुढे काय होते, हे कोणाला ठाऊक नसल्यामुळे ती कुजबुजही करतात. एका वर्षी मी समितीशी बरेच वाद घालून संपूर्ण सण तरुण संघाकडे दिला : लिलाव पुकारणे, वसुली, खर्च आणि हिशेब. वसुलीत त्यांनी मोठ्या घरांनाही सवलत दिली नाही. पुढच्या रविवारी दारावर हाताने लिहिलेला कागद लागला, त्यावर कोणाकडून किती येणे बाकी आहे ते नावानिशी लिहिले होते, आणि पहिल्या तीन नावांत समितीचे दोन सभासद होते. त्या आठवड्यात माझ्याकडे चार रागावलेले फोन आले. बाकी दहा दिवसांत जमा झाली. त्यातील ठरावीक भाग एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या शुल्कासाठी द्यावा, असा ठरावही संघानेच मांडला. त्या वर्षानंतर रविवारची उपस्थिती एकदम वाढली असे मी म्हणणार नाही. पाच-सहा चेहरे नियमित झाले, आणि त्यांतील दोघे आज त्या मंडळीच्या समितीत आहेत.

म्हणून आपल्या समितीला माझी सूचना अशी की तरुणांसाठी कार्यक्रम आखण्याआधी त्यांना अधिकार असलेले एक काम द्यावे, ज्यात पैसा आहे, चूक होण्याची शक्यता आहे आणि ज्येष्ठांची नाराजी ओढवण्याचीही शक्यता आहे. नोंदवहीबाहेरच्या तरुणांना त्या कामात बरोबरीने घ्यावे. दाखल्याचा आणि जातीचा विषय दृढीकरणाच्या वर्गात उघडपणे, कायदा जाणणाऱ्या एखाद्या वकिलाला सोबत घेऊन शिकवावा; कोणी काय निवडावे हे सांगू नये. वर्गणीची थकबाकी लग्नाच्या टेबलावर काढू नये, ती वर्षातून एकदा घरी जाऊन, चहा घेत विचारावी. यूट्यूबच्या वाहिनीचा पासवर्ड ज्यांनी ती वाहिनी उभी केली त्यांना परत द्यावा.

ड्रम सेटविषयी : घ्यायला हरकत नाही, पण तो समितीने जाऊन आणू नये. रक्कम ठरवून द्यावी, दुकानांतून दरपत्रके तरुण संघाने मागवावीत, आणि धनादेशावरील दोन सह्यांपैकी एक त्यांच्या प्रतिनिधीची असावी. कदाचित ते ड्रमऐवजी चांगले माइक मागतील किंवा प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीचे गळके पत्रे आधी बदला म्हणतील, कारण सरावाला ते त्याच खोलीत बसतात. पत्रे बदलायचे ठरल्यास ते जूनच्या आधी बदलून घ्यावेत.